जड बाजू

गनीचाचा परकारांचं दुकान दाभोळच्या धक्क्यावर,
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीला लागून.
बोट धक्क्याला टेकली की टेबल थरथरायचं,
म्हणून बारीक काम ते
बोट पलीकडे धोपाव्याला असतानाच करायचे.
एका खेपेत एक स्क्रू.
माझं काम : वाटीत पेट्रोल ओतणं, भिंग पुसणं,
आणि शिंक आलीच तर बाहेर पळणं.

कालिंदी तोडणकर सिस्टर आल्या
तेव्हा घड्याळ पांढऱ्या पदरावर
पिनेला उलटं लटकत होतं.
"दिवसाला सहा मिनिटं मागं.
आणि गनीभाई, ही तिसरी वेळ."

टेबलावर ठेवलं तर चोख.
उताणं चोख, पालथं चोख.
चाचा दोन दिवस त्याच्याकडे नुसते बघत बसले,
चोर ओळखीचा निघावा तसे.
तिसऱ्या रात्री त्यांनी ते खिळ्याला टांगलं,
सिस्टरांच्या छातीवर असतं तसंच,
आणि सकाळी रेडिओच्या पिपांशी भिडवलं.
सहा मिनिटं. वर वीस सेकंद.
चाचा खूश.
आजार लपून बसला नाही की ते असेच खूश व्हायचे.

मग बॅलन्स बाहेर आला.
केसकमान सोडवून त्यांनी ते चाक
माणकाच्या दोन धारांवर ठेवलं,
आडवा आस, बाकी कशाचा आधार नाही.
चाक जरा डुललं, इकडे, तिकडे,
आणि एक बाजू आपणहून खाली येऊन थांबली.
"बघ. जड बाजू सांगावी लागत नाही.
तिला फक्त मोकळं सोडायचं."
फिरवून ठेवलं.
तीच बाजू. पुन्हा तीच.

खालच्या स्क्रूच्या डोक्याखालून
त्यांनी पितळ खरवडलं.
किती? मिठाचा खडा त्यापुढे धोंडा.
तेवढ्या कणानं दाभोळच्या बाळांना
चौदा वर्षं मागं ओढलं होतं.
कारण जन्मवेळ सिस्टरांच्या घड्याळाची,
घड्याळ लावायचं सकाळी सातच्या बातम्यांना,
म्हणजे उजाडता जन्मलेले बरोबर,
रात्र सरताना जन्मलेले पाच मिनिटं खोटे,
आणि त्यावर पत्रिका, त्यावर मंगळ,
त्यावर पालशेतकरांच्या दोन सोयरिकी मोडलेल्या.

मी म्हटलं, चाचा, मी पहाटेचा.
नोंदीत चार पंचवीस.
त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही.
"तिथी?"
षष्ठी.
"तिथीची पाऊणपट. सहाची साडेचार.
आई काय सांगते, पाणी कुठं होतं?"
आई सांगते, भरती पुरी होऊन थांबली होती,
होड्या हलत नव्हत्या.
"मग साडेचार," चाचा म्हणाले,
आणि लगेच स्वतःलाच हसले,
"पण हा होडीचा हिशोब, पोरा. मिनिटाचा नव्हे.
समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो,
त्याला कोण टेबलावर आणतंय?"

चाक आता कुठेही थांबत होतं.
जिथे सोडावं तिथे.
मला ते बघून जरा भीतीच वाटली,
खाली जायला ज्याला काही कारणच उरलं नाही
असं काही मी पाहिलं नव्हतं.

सिस्टर घड्याळ घेऊन गेल्या. रजिस्टर दुरुस्त करणार का,
मी दारातून विचारलं.
"लिहिलं ते लिहिलं," त्या म्हणाल्या,
"पाच मिनिटांत तुझं काय राहून गेलंय?"

कागदावर तो पितळेचा कण पडला होता.
चाचांनी भिंग माझ्याकडे सरकवलं.
धोपाव्याहून बोटीचा भोंगा झाला.
मी वाकलो, कण दिसला, खरंच दिसला,
कडेला किंचित वळलेला, पिवळा,
आणि मी धरून ठेवलेला श्वास
विसरून सोडला.